तेवीस तारखेपर्यंतचा चेहरा

समोरच्या दोन विटकरी इमारतींच्या मध्ये हातभर रुंदीची फट आहे, आणि एप्रिल-मे महिन्यांत सकाळी पावणेआठच्या सुमारास त्या फटीतून ऊन आमच्या स्वयंपाकघरात येते. येते म्हणजे एकदम येत नाही. आधी खिडकीत वाळत घातलेल्या फडक्याची कड उजळते. मग ओट्यावर पालथ्या घातलेल्या वाडग्यांच्या बुडांवर एक पातळ रेघ उमटते, थरथरते, आणि रेघेचा पट्टा होतो. पट्टा जमिनीवर उतरतो, मेणकापडावरची पुसट झालेली फुले एकेक करून ओलांडतो, आणि भाताच्या कुकरच्या वाफेत शिरला की क्षणभर त्याला अंग येते; हात घातला तर हाताला लागेल असे वाटते. हे सगळे घडायला दहाएक मिनिटे लागतात. इतकी वर्षे मी ही दहा मिनिटे भाताच्या वाडग्यासमोर बसून पाहत आलो आहे. या उन्हाकडून मी कधी काही मागितले नाही आणि त्यानेही मला कधी काही दाखवले नाही. पण तीन आठवड्यांपूर्वी आई जमिनीवर मांडी घालून मोड आलेल्या सोयाबीनची शेपटे खुडत बसली असताना ते नेहमीप्रमाणे सरकत सरकत तिच्या गुडघ्यावर चढले, मग खांद्यावर, आणि शेवटी डाव्या गालावर येऊन थांबले. आणि मला तिची कातडी दिसली. तळे आटत गेल्यावर काठाच्या मातीला बारीक भेगा पडतात तशी. मी फोटो स्टुडिओत काम करतो. नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला आलेल्या मुलामुलींचे चेहरे पडद्यावर मोठे करून त्यांचे डाग, रेघा, डोळ्यांखालचे जागरण पुसून टाकणे हे माझे काम आहे. रोज पंचवीस-तीस चेहरे. आणि ज्या चेहऱ्यासमोर मी एकतीस वर्षे जेवलो, तो मी कधी मोठा करून पाहिला नव्हता. मला ओशाळल्यासारखे झाले. मी त्याच वेळी म्हणालो, "आई, या वर्षी आई-वडिलांच्या दिवसाला तुला चेहऱ्याची इंजेक्शनं." ती हसेल, नको म्हणेल, पैसे साठव आणि लग्न कर म्हणेल अशी माझी खात्री होती. तिने खुडलेली शेपटे मुठीत गोळा केली, क्षणभर तशीच धरली आणि म्हणाली, "खरंच नेशील?"

त्या 'खरंच'मध्ये काही अधिक होते का, हे मी आता पुन्हा पुन्हा आठवून पाहतो. तेव्हा मला त्यात फक्त लाज मोडलेल्या बाईचा आनंद ऐकू आला, आणि त्या आनंदाचा धनी मी होतो. बाबा जाऊन चार वर्षे झाली. त्यानंतर या घरात आम्ही दोघेच. ती माझी आई आहे ही गोष्ट मला जगातल्या इतर सगळ्या गोष्टींपेक्षा अधिक निश्चित वाटत आली; मैत्रिणी आल्या आणि गेल्या, माझ्या अबोलपणाला कंटाळून गेल्या, आणि प्रत्येक वेळी मी या स्वयंपाकघरात परत येऊन बसलो. आमच्या गल्लीत तिला बोंग मुन-ही या तिच्या नावाने कुणी हाक मारत नाही. भाजीवाली, खालच्या मजल्यावरची म्हातारी, गॅसचे आकडे टिपायला येणारी बाई, सगळ्या तिला 'हानग्योलची आई' म्हणतात. माझे नाव पुढे लावल्याखेरीज तिला हाकच नाही. लहानपणी मला वाटे की तिला दुसरे नावच नसावे.

आज आठ मे, शुक्रवार, आई-वडिलांचा दिवस. मी सुटी घेतली होती. नदी ओलांडून पलीकडे गेलो. ती इमारत अकरा मजल्यांची, आणि तळमजल्यावरचे कॉफीचे दुकान सोडले तर प्रत्येक मजल्यावर कातडीचा एक दवाखाना. आम्ही सातव्या मजल्यावर उतरलो. सकाळचे दहा वाजले नव्हते तरी सोफे भरले होते. दर दोन सोफ्यांआड एक मुलगा किंवा मुलगी, आणि शेजारी हातात पर्स घट्ट धरून बसलेली त्यांची आई. काउंटरवर कागदी कार्नेशनची परडी ठेवली होती; आजच्या दिवशी मुले आई-वडिलांना ही फुले टोचतात. आईने एक फूल उचलून माझ्याकडे पाहिले, मी ते तिच्या कोटाला टोचले, आणि समोरच्या सोफ्यावरची एक अनोळखी बाई आपल्या मुलाला म्हणाली, "बघ, शीक काही. तू तर येताना वाटभर चेहरा पाडून आलायस." मुलगा म्हणाला, "माझाच पाडलेला चेहरा आधी उचलून घेऊ या का मग?" सगळे हसले. मीही हसलो. मला वाटते, आजच्या दिवसातले माझे ते शेवटचे निखळ हसू.

आम्हाला आतल्या लहान खोलीत बोलावले. डॉक्टरांच्या आधी एक सल्लागार बाई असते. काय टोचायचे ते खरे म्हणजे तीच ठरवते. या बाईंचे आडनाव जिन. चाळिशीच्या असाव्यात किंवा पन्नाशीच्या. चेहरे ओळखण्यात आयुष्य घालवूनही मला सांगता आले नाही. त्यांनी आईच्या हनुवटीला दोन बोटे लावून तिचा चेहरा दिव्याकडे वळवला.

"अहो आई, हाडं काय सुंदर आहेत तुमची! कातडीनं मात्र दावा साधलाय."

"हाडं बघायला कोण येतंय गं," आई म्हणाली.

"म्हणून तर आपण कातडीशी बोलणार आहोत. तीन आहेत बघा. पहिलं साल्मन माशापासून काढलेलं."

"माशाचं? तोंडाला वास नाही ना येणार?"

"वास येत असता तर गल्लीतली मांजरं माझ्या मागं लागली असती. चार वेळा घेतलंय मी. कातडीची डागडुजी करतं. पण दुखतं, खोटं कशाला सांगू? चार दिवस चेहरा पुटकुळ्यांनी भरतो, आणि महिन्या-महिन्यानं तीनदा घ्यावं लागतं. दुसरं, पाणी धरणारं. सुकलेल्या कुंडीला पाणी घातलं की झाड कसं उभं राहतं, तसं. दोन-तीन दिवस टोचल्याच्या खुणा, आणि मग चमक. उतरतंही लवकर, दोन-तीन महिन्यांत. आणि तिसरं जरा गंभीर स्वभावाचं आहे. ते कातडीला म्हणतं, तुझं काम तूच कर. आज टोचलं की लगेच काही दिसत नाही. दिसायला लागतं दोन-तीन महिन्यांनी. पण मग दीड वर्ष आरशाची भीती नाही."

इथे सगळेच पोक्त बायकांना 'आई' म्हणतात. बाजारात, बँकेत, दवाखान्यात. मला त्याचे कधी काही वाटले नव्हते. जिन बाईंनी कॅलेंडर पुढे ओढले आणि पेनाचे टोपण काढले. "आता मला सांगा आई, चेहरा कधीपर्यंत हवाय?"

काही घाई नाही, असे म्हणायला मी तोंड उघडले होते.

"तेवीस तारखेपर्यंत," आई म्हणाली.

"तेवीस... शनिवार. अय्या, लग्न आहे की! पुढं खुर्चीत बसणार ना तुम्ही? रंग कुठला?"

आईने माझ्याकडे पाहिले नाही. पर्सची कडी तिने एकदा उघडली आणि एकदा लावली. "गुलाबी," ती म्हणाली.

आमच्याकडे लग्नात मुलाची आई निळा पारंपरिक पोशाख नेसते आणि मुलीची आई गुलाबी. सुरुवातीला दोघी हात धरून पुढे जातात, मेणबत्त्या लावतात, एकमेकींना वाकून नमस्कार करतात, मग पाहुण्यांना. हे प्रत्येकाला ठाऊक असते. आईला मी एकच मूल आहे आणि मी मुलगा आहे. माझे लग्न कधी झालेच असते तर तिने निळा नेसला असता. तो निळा कुठल्या छटेचा असेल हेही मी कधीतरी, स्वतःलाच हसत, मनात ठरवून ठेवले होते. गुलाबी. तो शब्द त्या खोलीच्या पांढऱ्या उजेडात इतका स्वच्छ उच्चारला गेला की मला तो दिसलाच. जिन बाईंनी आनंदाने माझ्याकडे पाहिले. "म्हणजे ताईंचं लग्न! अभिनंदन हं!" आणि मी, जन्मजात भिडस्तपणाने, खुर्चीतून अर्धवट उठून मान लववली. अभिनंदन स्वीकारले. माझे शरीर माझ्या आधी कुणाला तरी बहीण मानून मोकळे झाले होते.

त्यानंतरची तीन-चार मिनिटे मी एका कल्पनेच्या आधाराने काढली. या शहरात लग्नासाठी भाड्याने आई मिळते. ज्यांना कुणी नाही, किंवा ज्यांचे आहेत ते दाखवण्यासारखे नाहीत, ते संस्थेकडे जातात. संस्था सोज्वळ चेहऱ्याची बाई पाठवते, ती नेसते, मेणबत्ती लावते, डोळे टिपते, जेवते आणि निघून जाते. आमच्या स्टुडिओत अशा बायका फोटो काढायला येतात. आईच्या भूमिकेसाठी काढायच्या फोटोत रेघा पूर्ण पुसायच्या नसतात, निम्म्या ठेवायच्या असतात, हे मला अनुभवाने कळलेले आहे. तर आईने असले काही काम धरले असेल. माझ्यापासून लपवले असेल, लाजेने. दर गुरुवारी ती पोहायला म्हणून जाते, ते कदाचित पोहणे नसेल, तिथे त्यांना चालायला, वाकायला शिकवत असतील. मी या कल्पनेला इतक्या कळकळीने धरले होते की माझ्या मनात आईविषयी दया दाटून आली. बिचारी. परक्या मुलीची आई होते आणि घरी येऊन माझा भात लावते.

"तेवीस म्हटल्यावर प्रश्नच नाही," जिन बाई सांगत होत्या. "पाण्याचं. आज एकदा, गरज पडली तर चौदा-पंधराला थोडंसं वरून. लग्नात दिवे वरून पडतात ना, तेव्हा—"

"नवरी कोण आहे?" मी विचारले.

आईने फोन काढला. कसलेही स्पष्टीकरण न देता तिने तो माझ्यापुढे धरला; जणू हे कधीतरी करायचेच होते आणि आता हात आपोआप चालला. लग्नाचे निमंत्रण होते. वरती जोडप्याचा फोटो, खाली ओळ: कांग दोक-सू आणि बोंग मुन-ही यांची थोरली कन्या, सूरिम. भाड्याच्या आईचे खरे नाव छापत नाहीत. आधी मला फोटोवरचे काम दिसले, सवयीने. कुणीतरी जबडा बारीक केला होता, नाकाच्या बाजूच्या रेघा फार पुसल्या होत्या, घाईचे काम. आणि त्या घाईच्या कामाखालून, पुसता न आलेल्या दोन डोळ्यांमधल्या अंतरातून, वरच्या ओठाच्या किंचित डाव्या चढावातून, माझी आई माझ्याकडे पाहत होती. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची. मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

जिन बाई हुशार होत्या. त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

"तिसरं द्या," मी म्हणालो.

"अहो, पण तिसरं दिसायला ऑगस्ट उजाडेल. लग्न तर—"

"टिकतं ना ते? दीड वर्ष? मग तेच. एक दिवसाच्या चमकेला काय करायचंय? आईला चांगलं ते द्यायचंय मला."

माझा आवाज मृदू होता. समोरच्या सोफ्यावरच्या बाईने ऐकला असता तर तिने मुलाला कोपराने ढोसले असते. तिसरे सगळ्यात महाग होते. मी तेच निवडत होतो, आणि मला अगदी नेमके ठाऊक होते की मी काय निवडतो आहे. तेवीस तारखेला दिव्यांखाली ती बसेल तेव्हा तिच्या गालावर त्याच भेगा असतील ज्या मी उन्हात पाहिल्या होत्या, माझ्या घरातल्या भेगा. आणि तो नितळ चेहरा, माझ्या पैशाने आणलेला चेहरा, सगळे आटोपल्यावर ऑगस्टमध्ये माझ्या स्वयंपाकघरात उमलेल, फक्त माझ्यासमोर. इतकी बारीक, इतकी सुबक दुष्टता माझ्या हातून घडू शकते हे मला नवीन होते, आणि खोटे का बोलू, त्यात एक थंड सुखही होते. आईने जिन बाईंचे सगळे ऐकले होते. ऑगस्ट हा शब्द तिने ऐकला होता. ती म्हणाली, "हो. तो म्हणतो तसंच करा."

बधिर करण्याचे मलम लावून चाळीस मिनिटे बसावे लागते. आम्हाला पडदा लावलेल्या एका कोपऱ्यात नेले. एका तरुण परिचारिकेने आईचे केस मागे बांधले, चेहऱ्यावर बोटभर जाड पांढरे मलम थापले आणि वरून भाज्या गुंडाळायची पारदर्शक पिशवी असते तसल्या कागदाचे तुकडे चिकटवले. डोळ्यांशी, नाकाशी आणि तोंडाशी तेवढ्या फटी. चेहरा नाहीसा झाला. राहिले ते कोटावरचे कागदी फूल, मांडीवरचे दोन हात, आणि डोळे. पडद्यापलीकडे दुसरी कुणी आई विचारत होती, "अगं, मला गाल आहेत की नाहीत अजून? हात लावून बघ बरं," आणि तिची मुलगी खिदळत होती.

"तुला सांगणार होते," आई म्हणाली. मलमाने ओठही जड झाले होते; शब्द कडांना झिजलेले येत होते. "रोज सांगणार होते."

"किती वर्षं?"

"तू झालास तेव्हापासून."

"बाबांना माहीत होतं?"

"लग्नाआधीपासून. त्यांनीच म्हटलं होतं, मूल झालं की त्याला सांगू. मग तू झालास. मग त्यांचं म्हणणं पडलं, जरा मोठा होऊ दे. मग तू इतका... इतका चिकटलेला असायचास रे मला. शाळेच्या दारातनं परत यायचास, आई आहे का बघायला."

"आत्याला?"

तिने नजर मांडीवरच्या हातांकडे नेली. म्हणजे आत्यालाही. म्हणजे सणावारी त्या बैठ्या टेबलाभोवती जेवायला बसलेल्या माणसांपैकी एकट्या मलाच ठाऊक नव्हते की या घरात एक जागा रिकामी धरलेली आहे. ती सांगत गेली, तुकड्यातुकड्यांनी. पहिले लग्न, गुनसानला, बंदराजवळ. हात उगारणारा नवरा. ती निघाली तेव्हा मुलगी चार वर्षांची. त्या काळी मूल बापाच्या घरचे. सासूने मुलीला कडेवर घेऊन दार लावून घेतले आणि दाराआडून म्हणाली, जाणारीला मागं बघायला डोळे कशाला हवेत. तो माणूस आता म्हातारा झाला आहे, त्याची दुसरी बायको गेली आहे. सूरिमने म्हटले, खुर्ची रिकामी ठेवणार नाही, भाड्याने बाई आणणार नाही, माझी आई जिवंत आहे. म्हणून तेवीस तारखेला ती त्या माणसाच्या शेजारी बसणार. "त्याच्या शेजारी बसताना," आई म्हणाली, "मला मोडलेली दिसायचं नव्हतं. एवढंच. तू इंजेक्शनांचं म्हणालास तेव्हा वाटलं, देवानंच तुझ्या तोंडून..."

मला तिच्याविषयी काही वाटायला हवे होते. हात उगारणारा नवरा, दाराआडून आलेला आवाज, चार वर्षांचे मूल. स्टुडिओत एखाद्या अनोळखी बाईने हे सांगितले असते तर मी रात्रभर तळमळलो असतो. पण माझे मन एखाद्या कंजूष माणसासारखे फक्त स्वतःचे हरवलेले गोळा करत फिरत होते. दर वर्षी नोव्हेंबरच्या अकरा तारखेला आमच्याकडे समुद्रशेवाळाचे सूप व्हायचे. ते वाढदिवसाला करतात. माझा वाढदिवस फेब्रुवारीत, बाबांचा जूनमध्ये, आईचा श्रावणाच्या आसपास. मी लहानपणी एकदा विचारले, आज कुणाचा वाढदिवस? आई म्हणाली, शेवाळ स्वस्त मिळालं. आणि बाबा, ज्यांना ते सूप आवडत नसे, त्यांनी वाडगा पुढे केला आणि म्हणाले, अजून थोडं वाढ. त्या वाक्यातली माया मला आता कळत होती आणि कळून तिचा राग येत होता. ती माया माझ्या डोक्यावरून देण्यात आली होती. मी पंचवीसएक वर्षे एका मुलीचा वाढदिवस साजरा करत आलो, तिच्या नावाचे सूप ओरपत आलो. आणि ते पोहणे. तीन वर्षे दर गुरुवारी पोहून येणाऱ्या बाईचे केस कधी ओले नसत. मी तिला निळी टोपी आणून दिली होती, पाण्यात घालायची. ती टोपी अजून प्लास्टिकच्या वेष्टणातच आहे, तिच्या कपाटात, उजव्या बाजूला. हे मी पाहिलेले आहे. पाहिले, आणि खण लावून टाकला.

"गुरुवारी तिला भेटायचीस?"

"तुझे बाबा गेले, त्याच्या पुढच्या वर्षी तिनं फोन केला. कुणाकडनं तरी कळलं तिला. नूडल्स खायचो आम्ही. बाकी काही नाही. ती पण तुझ्यासारखीच आहे, काही बोलत नाही. पहिले दोन महिने नुसतं खात बसलो होतो समोरासमोर."

"मला फसवलंस तू."

"हो," ती म्हणाली.

मला वाद हवा होता. मला हवे होते की तिने कारणे द्यावीत आणि मी ती एकेक मोडावीत. पण तिने 'हो' म्हटले आणि हात मांडीवर तसेच ठेवले. तिच्या डोळ्यांतून पाणी आले, कागदाच्या कडेवर थबकले आणि खाली मलमाच्या पांढऱ्यात शिरले. गाल बधिर झाला होता, तिला ते कळले नसावे. मी ते पुसले नाही. पलीकडची मुलगी म्हणत होती, "आई, बोलू नकोस ना, कागद निघतोय." "तुझ्या बापाला तीस वर्षं जमलं नाही मला गप्प करायला," पलीकडची आई म्हणाली.

"तिनं आधीही एकदा यायचा प्रयत्न केला होता म्हणे," आई म्हणाली. आवाज आता फारच अस्पष्ट झाला होता. मला पुढे वाकावे लागले. "बारावीची परीक्षा झाली तेव्हा. एकटीच आली होती गुनसानहून, गाडीनं. आपल्या त्या जुन्या घरी. तिसऱ्या मजल्यापर्यंत आली होती. कुणीतरी सांगितलं, या नावाचं इथं कुणी राहत नाही. तिला वाटलं पत्ता चुकला. किंवा आपण घर बदललं. मग सोळा वर्षं तिनं शोधलंच नाही."

"जुन्या इमारतीत खूप बिऱ्हाडं होती," मी म्हणालो. "भाडेकरू सारखे बदलायचे."

"हो ना. मी पण तिला तेच म्हटलं."

तिचे डोळे माझ्यावर होते. बाकी चेहरा पांढरा होता, त्यावरून काही वाचता येत नव्हते. आणि मला पहिल्यांदाच वाटले की तो चेहरा झाकलेला आहे हे बरे आहे.

पडदा सरकला. परिचारिकेने हातातल्या पाटीवर पाहिले. "बोंग मुन-ही आई? चला, वेळ झाली. तिसरं इंजेक्शन आहे ना तुमचं? डॉक्टर आत आहेत. बरोबर ना हो?" शेवटचे तिने मला विचारले, कारण पैसे भरणाऱ्याला विचारायची इथे रीत आहे.

मी काहीतरी म्हणणार होतो. काय, ते मला आताही सांगता येणार नाही. आई उठून उभी राहिली. तिने कोटावरचे फूल काढून पर्समध्ये ठेवले, पर्स माझ्या मांडीवर ठेवली, आणि सुजल्यासारख्या जड ओठांनी, एकेक अक्षर वेगळे काढून, ती परिचारिकेला म्हणाली, "नाही. पाण्याचं द्या. तेवीस तारखेला माझ्या मुलीचं लग्न आहे."

माझ्या मुलीचं. "अय्या, हो का! अभिनंदन, आई," परिचारिका म्हणाली आणि तिने तिला दंडाला धरून नेले. आई दारातून वळली नाही. मी पर्स धरून बसलो, बाहेरच्या सोफ्यांवरच्या बायका धरून बसतात तशी.

आमच्या जुन्या घराचा जिना अरुंद होता. डिसेंबर होता, वर्षभराची किमची, म्हणजे कोबीचे लोणचे, घालण्याचा दिवस. इमारतीतल्या सगळ्या बायका गच्चीवर कोबीचे डोंगर रचून बसल्या होत्या आणि त्यांचे हसणे जिन्यातून खाली गडगडत येत होते. त्यात आईचे हसणे मला वेगळे ओळखू येत होते. मी घरात एकटा होतो, बारा वर्षांचा, गृहपाठ करत. घंटा वाजली. दारात शाळेचा जाड काळा कोट घातलेली एक मुलगी उभी होती, गाल थंडीने लाल, हातात मंदारिन संत्र्यांची जाळीची पिशवी. तिने मला पाहिले आणि काही क्षण पाहतच राहिली. मग फार सभ्यपणे, मोठ्या माणसाला विचारावे तसे, तिने विचारले, "बोंग मुन-ही इथंच राहतात का?" हानग्योलची आई नव्हे, बोंग मुन-ही. वरून आईचे हसणे पुन्हा ऐकू आले. मुलीने मान वर केली. मी म्हणालो, "या नावाचं इथं कुणी राहत नाही." तिने मला वाकून नमस्कार केला, बारा वर्षांच्या मुलाला, तसदीबद्दल माफ करा म्हणाली, आणि संत्री भिंतीला लागू न देता जिना उतरली. थोड्या वेळाने आई खाली आली, कोपरापर्यंत मिरचीने लाल झालेले हात अंगापासून दूर धरून. "कोण आलं होतं रे?" तिने विचारले. "कुणी नाही," मी म्हणालो.

मी मुलांच्या भाबडेपणाची, चुकीच्या पत्त्याची, नाव नीट ठाऊक नसल्याची कितीतरी कारणे या प्रसंगावर घातली आहेत. नाव मला ठाऊक होते. आणि ती मुलगी कुणाची आहे, हे मला तिचा चेहरा पाहताक्षणीच कळले होते.